नाकशेठची फेरी

वीजघरात त्याला खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. खिडकीतल्या कारकुनानं कधी खरं नाव पुकारलंच, तर तो स्वतःच क्षणभर इकडेतिकडे बघायचा. सगळ्यांसाठी तो नाकशेठ, आणि घाई असली की नुसताच शेठ. शेठ म्हणावं असं त्याच्यापाशी काही नव्हतं. होतं ते नाक, आणि तेही दिसायला अगदी चारचौघांसारखं. नवा माणूस कामावर आला की आधी ते नाक बघायला जायचा आणि हिरमुसून परत यायचा.

हे नाव पडलं कोळशाच्या यार्डात. दगडी कोळसा मोठा लबाड. ढिगात पडून राहिला की आतल्या आत तापत जातो, वरून थंडगार दिसतो आणि एके दिवशी पोटातून पेट घेतो. धूर दिसेपर्यंत बरंच काही जळून गेलेलं असतं. लांब सळया खुपसून ताप बघायची सोय होती, पण ढीग डोंगराएवढा आणि सळया मोजक्या. आपला हा गडी तरुणपणी मजूर म्हणून ढिगावर चढला आणि एका जागी थबकून म्हणाला, "इथं खाली काहीतरी शिजतंय." मुकादम हसला. डोझरवाल्यानं मात्र गंमत म्हणून तिथं पातं घातलं, तर खालून पांढरा धूर भसकन वर आला. डोझरवाला खाली उतरला, त्यानं त्या नाकाला कोपरापासून नमस्कार केला, आणि तेव्हापासून ते नाक सगळ्या यार्डाच्या मालकीचं झालं.

मग रीतच पडली. सकाळी शेठ ढिगावरून फेरी मारायचा, हात पाठीमागे, मान जरा पुढे. खाली डोझरवाला इंजिन बंद ठेवून वाट बघायचा. शेठनं उजवा हात वर केला की सगळं ठीक, लागा कामाला. पायानं जमीन ठोकली की तिथं खणा. कुठल्याही नियमात ही फेरी लिहिलेली नव्हती, पण साहेब लोकसुद्धा शेठचा हात वर होईपर्यंत चहाचा दुसरा कप मागवायचे. मान मिळाला की माणूस त्याला गोचिडीसारखा चिकटतो. शेठही चिकटला. घरी बायको म्हणायची, "अहो, यार्डात लावता तेवढं नाक पुरे. माझ्या पातेल्यात कशाला खुपसता?" त्यावर तो मीठ कमी आहे असं वासावरून सांगायचा, आणि नेमकं तेच निघायचं. असल्या नवऱ्याबरोबर संसार करणं सोपं नसतं.

केस पांढरे व्हायला लागले तेव्हा वीजघरात नवीन टूम निघाली. कोळशाबरोबर अमोनिया जाळून बघायचा. चाचणीची जबाबदारी होती एका मॅडमवर. वयानं त्या शेठच्या मुलीएवढ्या, पण अर्धवट बोलून वेळ मारून न्यायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बसवलं आणि सांगितलं, "अमोनियात कार्बन नसतोच. त्यामुळे तो जळला की कार्बन डायऑक्साइड निघत नाही. बॉयलरला लागणाऱ्या उष्णतेचा पाचवा हिस्सा अमोनियानं दिला, तर चिमणीतून जाणारा कार्बनही साधारण तेवढाच कमी होईल."

"आणि हा अमोनिया येतो कुठून? झाडाला लागतो?" मागून एकानं विचारलं. हा टोळीतला सर्वात खवचट फिटर.

"सध्या बराचसा नैसर्गिक वायूपासून बनतो. तो बनवतानाही कार्बन सुटतोच."

"म्हणजे आपल्या अंगणातला कचरा शेजाऱ्याच्या अंगणात."

"आज तरी बऱ्याच अंशी तसंच," मॅडम म्हणाल्या. "वाऱ्याच्या नाहीतर उन्हाच्या विजेवर, पाण्यापासून बनवला तर तसं होणार नाही. पण आपल्या भट्टीत तो नीट जळतो का, हे तर आधी बघू. नाहीतर दुसरंच लचांड मागे लागायचं. अमोनियात नायट्रोजन असतो. हवेचा मेळ बसला नाही तर नायट्रोजनचे विषारी वायू वाढतात. आणि न जळता सुटला तर तो राखेत मुरतो, चिमणीतून बाहेर जातो. एका हातानं कमावलं आणि दुसऱ्यानं उधळलं, असं व्हायला नको." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि मुख्य गोष्ट, तो आपल्याला मारू शकतो. डोळे, घसा, फुप्फुसं. गळती झाली की पळायचं, शौर्य दाखवायचं नाही."

अमोनियाचा वास भयंकर, आणि म्हणून त्याला पकडणं सोपं. टाकीपासून बॉयलरपर्यंत जाणाऱ्या नळावर नजर ठेवायला टोळी निवडायची वेळ आली तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं. शेठची छाती फुगली. खरं तर तो कोळशाचा माणूस, आणि हा नवा पाहुणा कोळशाचाच घास कमी करायला आलेला. पण नाकाला मागणी आली म्हटल्यावर निष्ठा वगैरे कोण बघतो?

त्याच टोळीत त्याचा जावई होता, व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याच्या कामावर. गुणी पोरगा, पण भिडस्त. चार माणसांत आधी दुसऱ्याला बोलू द्यायचं, मग वाटलं तर आपण बोलायचं, असा. मुलीनं आधी ठाम नकार दिला होता. विषारी वायूच्या कामावर नवऱ्याला पाठवायला ती तयार नव्हती. शेवटी ती बापाला म्हणाली, "बाबा, तुम्ही बरोबर असणार ना? मग जाऊ दे. तुमच्या भरवशावर हो म्हणतेय मी." शेठनं मिशीवरून हात फिरवला होता. ते वाक्य पुढे आपल्या उरावर बसणार आहे हे त्याला तेव्हा कुठून कळणार?

सुरुवातीचे दिवस झकास गेले. प्रत्येकाच्या खिशाला मॅडमनी एकेक मीटर अडकवलं होतं, अमोनिया दिसला की ओरडणारं. ते फिनेलच्या पोच्याला ओरडायचं, वाफेला ओरडायचं आणि कधी कधी उगीचच ओरडायचं. याउलट टँकरच्या रबरी नळीची गळती शेठनं मीटर जागं व्हायच्या आधी पकडली. झालं. त्या दिवसापासून एकेकानं आपलं मीटर गुपचूप बंद करून टाकलं. मॅडम दिसल्या की चालू, पाठ वळली की बंद. "शेठ आहे ना," असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. यार्डातली फेरी आता नळाच्या काठानं सुरू झाली. शेठ पुढे, टोळी मागे. एकेका व्हॉल्व्हपाशी पोचून तो उजवा हात वर करायचा, मग जावई तो व्हॉल्व्ह उघडायचा. अमोनियाचा वाटा थोडा थोडा वाढत होता. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर कार्बनची रेघ त्याच मापानं उतरत होती. नायट्रोजनच्या वायूंची मात्र नाठाळ वासरासारखी उसळायची, आणि मॅडम हवेच्या झडपा फिरवून तिला दाव्याला बांधायच्या.

मग शेठला ताप आला. साधा सर्दीताप, घरोघरी येतो तसा. चार दिवस अंथरुणात काढून तो उठला, शिंका थांबल्या, तोंडाला जरा चव आली. पाचव्या दिवशी तो स्वयंपाकघरात स्टूलावर बसून पेपर वाचत होता. बायको अंगणात धुणं वाळत घालत होती. ती धावत आत आली आणि ओरडली, "अहो, आहात का गेलात? दूध जळून कोळसा झालं की!" शेगडी त्याच्या कोपराजवळ होती. पातेल्यातून काळा धूर निघत होता. शेठ पातेल्याकडे बघत राहिला. त्यानं वाकून धूर हुंगला, आणि त्याला कसलाच वास आला नाही.

"पेपरात लक्ष होतं," तो म्हणाला.

त्या दिवसापासून त्याच्या जिवाला स्वस्थता नाही. सकाळी उठल्या उठल्या तो साबणाची वडी नाकाला लावायचा. नाही. चिरलेला कांदा? डोळ्यांतून पाणी यायचं, वास नाही. रॉकेल, बुटाचं पॉलिश, स्वतःचे पायमोजे, सगळं हुंगून झालं. एकदा बायकोनं त्याला कपाट उघडून तिच्या शालीत तोंड खुपसलेलं पाहिलं आणि ती लाजली. "या वयात काय हे?" ती म्हणाली. बिचारीला वाटलं, नवऱ्याला प्रेमाचं भरतं आलंय. त्याला रडू येत होतं. तिच्या शालीला तिचा वास होता, इतकी वर्षं होता, आणि आता ती कुणाचीही शाल होती.

कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून तो लांबच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरनं बॅटरी मारून दोन्ही नाकपुड्या बघितल्या. "सर्दीनं कधी कधी जातो वास. येईल परत. महिने लागतील. नाहीही येणार. काम काय करता?" "हमाली," शेठ म्हणाला.

कामावर सांगून टाकायला काय झालं होतं? रोज तो हेच ठरवून घराबाहेर पडायचा. फाटकापाशी पोचेपर्यंत निश्चय टिकायचा. मग कुणीतरी लांबून हाक मारायचं, "शेठ, आज काय शिजतंय?" आणि याची जीभ टाळ्याला चिकटायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली तर आत काय होतं? ना शिक्षण, ना हुद्दा. नाक वजा केलं तर उरतो तो एक म्हातारा मजूर. आणि मुलीला काय सांगणार? शिवाय वास येईलच की परत. उद्या येईल. आजचा दिवस निभावला म्हणजे झालं.

आणि तो निभावत गेला. माणसाचं डोकं भलत्या कामी फार चालतं. त्यानं शोध लावला की वास स्वतःला यायलाच हवा असं नाही, दुसऱ्याला आलेला दिसला तरी पुरे. वास आला की माणसाच्या नाकाच्या बाजूला बारीक सुरकुती पडते. वरचा ओठ किंचित उचलतो. शेठ आता नळाकडे बघत नव्हता, चेहऱ्यांकडे बघत होता. जावयाचा चेहरा सर्वात बोलका, म्हणून तो त्याला काही ना काही निमित्तानं एक पाऊल पुढे ठेवायचा. "जावईबापू, जरा पुढे व्हा, पायरी निसरडी आहे का बघा." जावई पुढे व्हायचा. एकदोनदा त्याचं नाक आक्रसलं, शेठनं लगेच पाय ठोकला, आणि खरंच कुठेतरी बोल्ट सैल निघाला. टोळी खूश. शेठला मात्र जेवण गोड लागेना. ज्याला सांभाळायचं कबूल केलं होतं, त्यालाच आपण पुढे ढकलतोय, हे त्याला दिसत होतं. दिसत होतं आणि तो करत होता. घरात तो या खोलीतून त्या खोलीत फिरायचा, बसला की उठायचा, उठला की कशाला उठलो ते विसरायचा. "पायाला भिंगरी लागलीय का?" बायको विचारायची. मुलगी आली की तो फडताळाआड काहीतरी शोधत बसायचा.

अमोनियाचा वाटा पाचव्या हिश्शावर न्यायचा दिवस ठरला. सकाळपासून वीजघरात लग्नघरासारखी धावपळ. बॉयलरचे बर्नर बनवणाऱ्या कंपनीचे पाहुणे आले होते. ते कठड्यापलीकडे नव्या कोऱ्या टोप्या घालून उभे होते. वारा साफ पडलेला. वाऱ्याची दिशा दाखवायला खांबावर बांधलेली कापडी पिशवी मेलेल्या उंदरासारखी लोंबत होती. मॅडम कठड्याजवळ उभ्या राहून नियंत्रण कक्षाशी फोनवर बोलत होत्या. नळाच्या मध्यावर, शिडीच्या वरच्या मचाणावर, मोठा व्हॉल्व्ह होता. शेठचा हात वर झाला की जावई शिडी चढणार आणि त्याचं चाक पूर्ण फिरवणार.

फेरी निघाली. शेठ चेहरे वाचत चालला. खवचट फिटरचा चेहरा कोरा. त्याच्या मागच्याचा कोरा. जावयाचा कोरा. मोठ्या व्हॉल्व्हखाली पोचल्यावर शेठ थांबला, मान पुढे काढली, दोनदा श्वास ओढल्याचं सोंग केलं. सगळं ठीक. जावई शिडीच्या दोन पायऱ्या चढूनही गेला. शेठचा हात खांद्यापर्यंत उचलला गेला होता.

आणि त्याचे डोळे चुरचुरले.

फार नाही, कांदा शेजारच्या खोलीत कापावा इतपत. वास मेला तरी डोळे जिवंत होते. त्यानं पापण्या मिटून उघडल्या. मनात पाल चुकचुकली. मला चुरचुरतंय, म्हणजे यांना वास यायलाच हवा. मग एकाच्याही नाकावर सुरकुती कशी नाही? त्यानं पुन्हा सगळ्यांकडे बघितलं, आणि या वेळी नाकांकडे नाही, डोळ्यांकडे. सगळे त्याच्याकडे बघत होते. जावयाचा हात आपसूक नाकाकडे गेला होता. सासऱ्याची नजर पडताच त्यानं तो घाईघाईनं खाली घेतला, वर्गात चुकून हात वर केलेल्या मुलासारखा, आणि चेहरा पुन्हा कोरा केला.

ज्या चेहऱ्यांवर तो इतके दिवस वास वाचत होता, ते सगळे त्याचाच चेहरा वाचत होते. म्हणजे या नळावर सध्या एकही नाक नव्हतं.

"शेठ?" कठड्याजवळून मॅडमनी विचारलं. पाहुण्यांतल्या एकानं घड्याळ बघितलं. जावई उरलेल्या पायऱ्या चढला आणि त्यानं चाकाकडे हात लांबवला.

"उतर!" शेठ ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं जावयाला एकेरीत हाक मारली. "उतर खाली! हात लावू नकोस! मला वास येत नाही. अरे, माझं नाक गेलंय! तापात गेलं, कधीचं गेलंय!"

जावई धडपडत खाली उतरला. मग मागून खवचट फिटर, ज्याच्या तोंडून आजवर सरळ वाक्य कुणी ऐकलं नव्हतं, तो खालच्या आवाजात म्हणाला, "मला येतोय. कालपासून येतोय इथं."

"मलाही," दुसरा म्हणाला.

"मला वाटलं टाकीकडून येत असेल."

कुणीतरी खिशातलं मीटर चालू केलं. ते जे किंचाळायला लागलं ते थांबेना. मॅडमनी एका शब्दात नळ बंद करायला सांगितला आणि सगळ्यांना हाकलून लांब नेलं. पाहुणे आपल्या कोऱ्या टोप्या सांभाळत पळाले. दुपारी गॅसमास्क घालून व्हॉल्व्ह खोलला तेव्हा गळती अडवणारं आतलं पॅकिंग चिरत आलेलं दिसलं. चाक पूर्ण फिरलं असतं तर ते उडालं असतं, आणि फिरवणाऱ्याचं तोंड तिथून हातभर अंतरावर होतं. मॅडम शेठवर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "एका माणसाच्या नाकावर मी सगळ्यांची मीटरं बंद होऊ दिली. मला कळायला हवं होतं." मग आवाज चढवून, "आणि तुम्हाला सांगायला हवं होतं!"

जावई हातपाय धुवायच्या खोलीत बाकावर बसला होता. पाण्याचा नळ उघडाच होता. शेठ त्याच्या शेजारी बसला. मग त्यानं उठून नळ बंद केला आणि पुन्हा बसला.

"तुम्हाला येत होता वास?" त्यानं विचारलं.

"हो, मामा."

"कधीपासून?"

"चार दिवस झाले."

"चार दिवस! मग बोलला का नाहीत?"

जावयानं मान वर केली. त्याचे डोळे लाल होते, आणि ते अमोनियानं की कशानं ते सांगता येत नव्हतं. "तुम्ही रोज हात वर करत होतात," तो म्हणाला. "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

शेठनं तोंड दोन्ही हातांत धरलं. नाक गेलं तेव्हा तो घाबरला होता, पण लाज अशी आत्ता वाटली. स्वतःचं गेलेलं त्यानं लपवलं होतं इतकंच नाही, तर धडधाकट पोराचंही चालतं नाक त्यानं बंद पाडलं होतं. संध्याकाळी तो मुलीच्या घरी गेला आणि तिला सगळं सांगितलं, फडताळाआड न लपता. मग तिनं विचारलं, "आईला माहीत आहे?" तो नाही म्हणाला. "मग आधी तिला सांगा," ती म्हणाली, आणि आत निघून गेली. बायकोनं सगळं ऐकून घेतलं, कपाट उघडून शाल काढली, आणि ती घडी विस्कटून पुन्हा घालत बसली.

पॅकिंग बदललं, नळ पुन्हा तपासला, आणि चाचणीचा दिवस परत आला. आता मीटरं सगळ्यांच्या छातीवर, बाहेर लटकलेली. ज्याला वास येईल त्यानं ओरडायचं, मग तो कुणीही असो, असा नियम मॅडमनी भिंतीवर लावला होता. शेठची बदली नियंत्रण कक्षात झाली होती, पडद्यावरच्या रेघा बघायच्या आणि काही वेडंवाकडं दिसलं की सांगायचं. पण त्या सकाळी तो आधी नळापाशी आला. कुणी बोलावलं नव्हतं. घरी बसवेना आणि कक्षातही बसवेना, म्हणून आला आणि कठड्याला टेकून उभा राहिला.

टोळी मोठ्या व्हॉल्व्हखाली पोचली आणि थांबली. मीटरं गप्प होती. तरी कुणी पुढे होईना. इतक्या वर्षांची सवय, एकेकाची मान हळूहळू कठड्याकडे वळली. सगळे शेठकडे बघायला लागले. शेठचा उजवा हात शिवशिवला. खरंच शिवशिवला, कारण तो हात वर गेला की सकाळ सुरू व्हायची, आणि त्याशिवाय दुसरं काही त्या हाताला आयुष्यात जमलं नव्हतं. त्यानं दोन्ही हात खिशात घातले.

तेव्हा जावई पुढे झाला. त्यानं आधी मीटर बघितलं. मग व्हॉल्व्हखाली उभं राहून, डोळे मिटून, सावकाश दोनदा श्वास घेतला, आणि सासऱ्याकडे न बघता मोठ्यानं म्हणाला, "मला काही वास येत नाही. कुणाला येतोय?"

नाही, नाही, असे आवाज एकामागून एक आले. खवचट फिटर म्हणाला, "याच्या पायमोज्यांचा सोडून नाही." सगळे हसले आणि जावई शिडी चढला.

तासाभरानं पडद्यावर कार्बनची रेघ पाचव्या हिश्शानं खाली आली. नायट्रोजनची आधी उसळली, मग मॅडमनी झडपा फिरवल्यावर निवली. शेठ समोरच्या खुर्चीत बसून दोन्ही रेघा बघत होता. जावयानं आपल्याकडे बघितलं नाही, हे त्याला मधूनमधून आठवत होतं. प्रत्येक वेळी त्याला वाईट वाटत होतं आणि प्रत्येक वेळी जीव भांड्यात पडत होता. मग एका रेघेला बारीक टोक आलं, आणि त्यानं फोन उचलला.